दोन रिंगांची खुशाली

कोयनानगरात जमीन हादरली की बाळाबाई एसटीडी बूथ गाठायची, पुण्यातल्या सुदामला दोन रिंगा द्यायची आणि फोन ठेवून द्यायची. आई सुखरूप आहे हे लेकाला कळायचं, आणि न उचललेल्या फोनचं बिलही पडायचं नाही. लेकानंच काढलेली युक्ती ती.

आज मात्र तिनं फोन ठेवलाच नाही. वाजतच राहिला, तसा सुदामनं उचलला.

"आई, बरी हायेस न्हवं? मग ठेव की! उगंच बिल कशाला?"

तिनं ठेवला. बूथवाला अश्फाक चक्रावला. "मावशी, भूकंप कवा झाला? मला तर कायबी जाणवलं न्हाई."



"न्हाई रं झाला," बाळाबाई म्हणाली, "लय दिस झाले, होतच न्हाई बघ."