काठीचा आवाज

ताई कामावरून आली, दार उघडलं, तर बाबा बाथरूमबाहेरच्या फरशीवर आडवे. एक पाय भलत्याच अंगाला वळलेला, ओठ पांढरे पडलेले. तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत त्यांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. धाकट्याचं ध्यान चालू आहे."

"कधी पडलात बाबा?"

"झाला बराच वेळ. ऊन होतं तेव्हा."

आता दिवे लावायची वेळ झाली होती. तिनं काठी शोधली, तर ती पलंगापाशीच. काठी फरशीवर टकटक वाजते, त्यानं तंद्री मोडते, असं धाकट्यानं परवाच बाबांना सांगितलं होतं. म्हणून ते भिंतीला धरून निघाले होते. पडल्यावर हाकसुद्धा मारली नव्हती. शेजारच्या खोलीत पोटचा मुलगा आणि म्हातारा माणूस इथे दात आवळून पडलेला! ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

या घरात देवाचं कधी नावही निघालं नव्हतं. धाकटा तर मित्रांच्या अंगठ्यांमधल्या खड्यांची टर उडवायचा. तो अजूनही देव मानत नाही म्हणे, फक्त ऊर्जा मानतो. मोबाइलवर कुणी गुरुजी त्याला रोज करुणा शिकवतात आणि तेवढा वेळ बाकीच्यांनी घरात चोरासारखं वावरायचं.

तिनं त्याच्या दारावर दोन्ही मुठी आपटल्या. आपटतच राहिली. "अगं, होईलच त्याचं इतक्यात," बाबा मागून कळवळून म्हणत होते.

कानातले हेडफोन काढत धाकटा बाहेर आला. चेहऱ्यावर पोटभर झोप झाल्यासारखं समाधान. त्यानं बाबांकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि तिच्या खांद्यावर अलगद हात ठेवला.

"ताई, तू आधी शांत हो बरं. रागानं सगळ्या घराची ऊर्जा बिघडते. एक खोल श्वास घे."

ताईनं त्याचा हात झटकला. श्वास मात्र घेतला, चांगला छातीभर. मग खिडकी सताड उघडली आणि अख्खी इमारत दणाणेल अशा आवाजात ओरडली,

"कुणीतरी लवकर या हो! बाबा पडलेत, आणि घरात कुणी नाहीये!"