पाच वेळा सुरू, एकदा बंद

सरपंचांनी हिरवं बटण दाबलं, पंपघरातला पंप घरघरला, टाळ्या झाल्या, आणि माजी सरपंच पंढरीशेट यांनी पुढे होऊन तेच बटण पुन्हा दाबलं.

गर्दीत उभ्या असलेल्या कुंडलिकची नजर बटणांच्या पेटीवर खिळली. पंप चालवणारी ती पेटी त्याच्या मुलीच्या, कुणालीच्या, कंपनीची होती. ग्रामसभेत उभा राहून तोच म्हणाला होता, "पेटी घ्या. आमच्या कुणालीनं तपासलीय. बंद पडली तर मला पकडा." पकडायला गावातला राघो टपलेलाच होता. त्याने तिथल्या तिथे विचारलं, "तपासते म्हंजे करते काय रे?"

कुंडलिकने घरी येऊन कुणालीला विचारलं. ती म्हणाली, पेटीच्या पोटात सी या संगणकाच्या भाषेतली एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आहे, पंपाचा सगळा कारभार तोच कोड बघतो. तो नीट सुरू होतो का आणि नीट बंद होतो का, एवढ्याच्या चाचण्या मी लिहिते. कुंडलिकने हे जसंच्या तसं राघोला सांगितलं. तिथे तो चुकला.

"सुरू करते नि बंद करते?" राघो म्हणाला. "मंग आपला वायरमन काय वाईट होता? त्याला तर कॉलेजात पण घालायला नाय लागला."

तेव्हापासून किन्हवलीच्या बाजारापर्यंत कुठेही कुंडलिक दिसला, की कोणीतरी त्याच्याकडे बघून हवेत बोट दाबून दाखवी.

आज मात्र बोटं खऱ्या बटणावर पडत होती. पंढरीशेटचे फोटोत डोळे मिटले, म्हणून त्यांनी आणखी एकदा दाबलं. एवढ्यात तालुक्याहून पाहुणे आले. पत्रिकेत उद्घाटन त्यांच्या हस्ते छापलेलं होतं. चालू पंप आजच्या दिवशी बंद करणं अशुभ दिसलं असतं, तेव्हा त्यांनी धो धो चालणाऱ्या पंपाचं नव्याने उद्घाटन केलं आणि पाणी आलेलं पाहून समाधान व्यक्त केलं.

पाहुणे भाषणाकडे वळले तसा राघो पेटीपाशी सरकला. "हे लाल कशाचं म्हनायचं?" असं विचारत त्याने ते दाबलंच. पंप थांबला. पाहुणे बोलता बोलता थांबले. राघोने निर्विकार चेहऱ्याने बंद पंपावर लाल बटण पुन्हा दाबलं, दोनचार वेळा दाबलं, आणि कुंडलिककडे बघून हिरव्यावर बोट ठेवलं. आता पेटी रुसणार आणि हा मला जन्मभर पाणी पाजणार, असं कुंडलिकला वाटलं.

पंप सुरू झाला. पाणी टाकीत चढू लागलं, जणू मघाशी काही घडलंच नाही.

कुंडलिकच्या शेजारी कंपनीचे दिपेश सर रुमालाने मान पुसत उभे होते. "मी कुणालीला म्हटलं होतं," ते हळूच म्हणाले, "चालू असलेलं पुन्हा चालू कोण करतं? बंद असलेलं बंद कोण करतं? काढून टाक त्या चाचण्या. नाही काढल्या. म्हणाली, सर, तुम्ही आमच्याकडचं उद्घाटन बघितलं नाय."

कुंडलिकने टोपी सारखी केली. ती सारखीच होती.

जेवणं उरकली, गाड्या गेल्या, गाव पांगला. कुंडलिक नेहमीसारखा मागे राहिला. लग्न असो, सभा असो, मांडवातून शेवटी निघायचं ते त्यानेच. तो सतरंज्या झटकून घड्या घालायचा, माइक बंद करायचा आणि घराघरातून मागून आणलेले टोप, परात, पळ्या, बुडावरचं नाव बघून ज्याच्या त्याच्या दारी पोचवायचा. हे काम त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि केल्याबद्दल कोणी कधी नारळही दिला नव्हता.

कुणाली पंपघराच्या पायरीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. "बाबा, हितं या. राघोकाकाला काय सांगायचं ते दाखवते."

तिने एक बटण दाबलं. पडद्यावर एकाखाली एक हिरव्या ओळी उमटल्या.

"ही एकेक चाचणी. नावं मीच ठेवलीत. हा सरपंच, सरळ एकदा सुरू. हे पंढरीशेट, चालू असताना परत सुरू. हा राघोकाका, बंद असताना बंद."

"राघो पास झाला?" कुंडलिकने विचारलं.

"लई छळलं त्यानं. पण झाला."

कुंडलिक पोट धरून हसला. मग शेवटच्या ओळीवर त्याची नजर गेली. इंग्रजी अक्षरं त्याला लागत होती, त्यातून स्वतःच्या नावाची तर लागतातच.

"नि मी गो काय करतो?"

"तुमी सगळ्यात शेवटी येता," कुणाली पडद्याकडे बघतच म्हणाली. "सगळं बंद झालं की कोडानं कामासाठी मागून आणलेली मेमरी, म्हंजे पेटीतली जागा, ज्याची त्याला परत गेली का बघता. एक वाटी जरी मागं राहिली तरी तुमी सगळ्यांना नापास करता. तुमचं नाव हिरवं झाल्याबिगर आमच्या हापिसातनं पेटी बाहेर पडत नाय."

कुंडलिकने खाली ठेवलेला टोप उचलला, उलटा करून बुडावरचं नाव वाचलं. राघोचा होता. तो परत करायला निघाला आणि वळणापाशी, कोणी बघत नाही अशी खात्री करून, त्याने हवेत एक बटण दाबलं.