पहिली ओळ भोंग्याची

दि. ९ फेब्रुवारी, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. पुनर्वसन रुग्णालयातील त्या खोलीत माणसे पाच आणि खुर्च्या दोन होत्या. पलंगावर उशीला टेकून बसलेल्या गृहस्थांना पक्षाघाताचा झटका येऊन सहा आठवडे झाले होते. हात पेला उचलू लागला होता. वाचा मात्र परतली नव्हती. एके काळी संपूर्ण विद्यापीठ त्यांना ‘भोंगा’ या नावाने ओळखत असे.

वाचा-उपचार करणाऱ्या तरुणीने दोन्ही पाहुण्यांना दाराशी थांबवून सूचना दिली. “त्यांना पाठ असलेलं काहीतरी म्हणून दाखवा. पाठ असलेलं कधीकधी आपोआप बाहेर पडतं. त्यावरून फारसं काही ठरत नाही. पण स्वतः जुळवलेला नवा शब्द एक जरी आला ना, तर वाट मोकळी आहे असं मी समजेन.”

“गाणं चालेल?” सडपातळ पाहुण्यांनी विचारले. विद्यार्थिदशेत यांच्या खिशात सदैव पाना असे. नावही तेच पडले होते.

“याचं गाणं?” स्थूल पाहुणे, म्हणजे ‘बॉयलर’, उसळले. “याच्या घोषणा काढ, घोषणा!”

दिवसा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी कर्मशाळा, म्हणजे वर्कशॉप, संध्याकाळीही उघडी ठेवावी, या एकाच मागणीसाठी चव्वेचाळीस वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या आवारात चारशे मुले ठाण मांडून बसली होती. पहिली ओळ भोंगा देई, समोर जो दिसेल त्याच्यावर जागच्या जागी रचून. उरलेले सगळे दर वेळी एकच उत्तर देत, ‘दार उघडा, दार उघडा!’

“कुलगुरूंची गाडी आली होती, आठवतं?” बॉयलर पलंगावर वाकले. “साहेब, आता हट्ट सोडा!”

“हट्ट नव्हे रे. ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढेना, म्हणून ‘हॉर्न सोडा’.”

“तू होतास कुठे तेव्हा? रात्रभर माझ्याच सतरंजीवर घोरत होतास.”

“आणि खिडकीची काच कुणी फोडली?”

“फोडली नाही. मी नुसता टेकलो होतो.”

पलंगाशेजारी बसलेली भोंग्याची पत्नी खुदकन हसली. भोंग्याचे डोळे एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर धावत होते. ओठ हलले. तरुणी पुढे झुकली. पण बाहेर आला तो केवळ श्वास.

मग दोघांनाही चेव चढला. हट्ट सोडा, हॉर्न सोडा, मौन सोडा, खुर्ची सोडा. आठवेल ती ओळ त्यांनीच द्यायची आणि उत्तरही त्यांनीच द्यायचे. बॉयलर घामाघूम झाले. भोंग्याने डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे फिरवले.

“थांबा!” पत्नी उठली. “अरे, सगळं तुम्हीच बोललात तर तो काय बोलेल? तेव्हा तरी तुम्ही पहिली ओळ दिली होती का? मागून ओरडणारी माणसं तुम्ही. मागूनच ओरडा. त्याची जागा रिकामी सोडा.”

“पण वहिनी, पहिली ओळच नसेल तर उत्तर कशाला द्यायचं?” पाना म्हणाले.

“वहिनी गेली खड्ड्यात! मी तुमच्या पुढच्या रांगेत होते.”

तिने लोखंडी कपाटावर तळहाताने ताल धरला आणि सत्तरीकडे झुकलेल्या गळ्यातून आवाज काढला, “दार उघडा, दार उघडा!”

ताल चालू राहिला. ओळीपुरती जागा रिकामी गेली. पुन्हा तिघे मिळून, “दार उघडा, दार उघडा!”

दार खरोखरच उघडले. सिस्टर आत आल्या. “अहो, उघडंच आहे की! हे हॉस्पिटल आहे, कळतं का?”

“सिस्टर, ही मागणी चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच मान्य झालीय,” बॉयलर म्हणाले. “आता दुसऱ्या दारासाठी चाललंय.”

सिस्टरांनी पलंगाकडे पाहिले. भोंग्याची मान वळली होती. डोळे सताड उघडे होते. डावा हात चादरीतून बाहेर आला होता आणि त्याची बोटे कपाटावरच्या तालाबरोबर मिटत होती, उघडत होती.

“दार उघडा, दार उघडा!” आता पाना टाचा उंचावून ओरडत होते. बाहेर चाकाची खुर्ची ढकलत चाललेला कर्मचारी थांबला, खुर्चीतल्या आजीबाईंनी आत डोकावून विचारले, “कुणाला कोंडलंय?”

पुन्हा रिकामी जागा. पुन्हा उत्तर. पुन्हा रिकामी जागा.

“म्हा...”

कपाटावरचा हात थबकू पाहत होता. पत्नीने तो थबकू दिला नाही.

“म्हा... म्हाताऱ्यांनो...” मूठ वर गेली. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. “जोरात... ओरडा!”

“दार उघडा! दार उघडा!” खोली दणाणली. सिस्टर ओरडल्या, कर्मचारी ओरडला, आजीबाईंनी खुर्चीच्या दांडीवर मूठ आपटली. बॉयलर ओरडत होते आणि बाहीने डोळे पुसत होते.

तरुणीने पत्नीचा दंड घट्ट धरला. “ही त्यांची जुनी ओळ का? पाठ होती?”

“जुनी कुठली!” पत्नी ताल न सोडता म्हणाली. “तेव्हा आमच्यात म्हातारं होतं कोण?”

तरुणीने बोटांवर मोजले. खात्रीसाठी पुन्हा एकदा मोजले.

नवे शब्द : तीन.