टाकीवरच्या फळ्या

चर्चमध्ये नव्या माणसाला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा द्यायच्या टाकीवर फळ्या ठोकायला सुतार वाकला, आणि पाहतो तर टाकीत पाळकाची थोरली बहीण. चपला काठावर, बाह्या वर, हातात घासणी.

“ताई, बाहेर या. मला खिळे ठोकायचेत.”

“ठोका की. मी आतून आमेन म्हणते.”

सुताराने पाळकाकडे पाहिलं. पाळकाने छताकडे. मंडळीच्या सभेत ठराव त्यानेच मांडला होता. व्यासपीठावर जागा अपुरी, टाकीत कित्येक वर्षांत कुणी उतरलेलं नाही. वर फळ्या टाकल्या की गायकांच्या खुर्च्या ऐसपैस मावतील. उपदेशात डुलक्या काढणाऱ्यांनीसुद्धा चटकन हात वर केले होते.

“ताई, तमाशा नको करूस,” पाळक दबक्या आवाजात म्हणाला. “बाप्तिस्म्यासाठी नाव दिलंय का कुणी?”

“कुणीच नाही.”

“मग घासतेस कशाला?”

तिचा हात थांबला नाही. “काल उपासनेत डोळे मिटून तू काय मागितलंस? ‘प्रभू, नवी माणसं आण.’ मी ऑर्गन वाजवता वाजवता आमेन म्हटलं, चांगलं मोठ्याने. आणि आज उठून सुतार बोलावलास! अरे, त्याने खरंच आणली तर बुडवशील कुठे? फुलदाणीत?”

सुतार खोकला. ओठांत धरलेला खिळा पोटात जाता जाता राहिला.

ती प्रार्थना पाळकाला पाठ होती. दर रविवारी, आजाऱ्यांची नावं झाली की आणि सूचना सुरू व्हायच्या आधी, ती जिभेवरून आपोआप घरंगळायची. त्या प्रार्थनेमागून खरोखरचा कुणी माणूस दारातून आत येईल, हे त्याच्या ध्यानीमनीही राहिलं नव्हतं.

त्याने दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं. बाहेर रस्त्याने माणसं जात होती, कुणी पिशवी घेऊन, कुणी फोनवर भांडत. यातलं कुणीही आत येऊ शकत होतं. त्याच्या छातीत काहीतरी धडधडलं, परीक्षेच्या आदल्या दिवशी धडधडावं तसं.

ताई वर आली आणि तिने नळ सोडला. नळ आधी फुरफुरला, मग गंजाचं लाल पाणी थुंकला, आणि मग स्वच्छ धार लागली. तिघेही बघत राहिले.

“साहेब,” शेवटी सुताराने विचारलं, “या फळ्यांचं काय करू?”

पाळक काठावर गुडघे टेकून, पाण्यात हात घालून बसला होता. बाही कोपरापर्यंत भिजली तरी त्याला पत्ता नव्हता.

“ठेवा हो कुठेतरी,” तो म्हणाला. “आधी हे पाणी कसं तापवायचं ते बघा. फार गार आहे. येणारा कुडकुडेल.”