अकरानंतर पंधरा

बटण आली तेव्हा बाई भिंतीवरचा मोठा आरसा पुसत होत्या.

"कशी आहेस?" त्यांनी विचारलं. बटणच्या डाव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर होतं आणि दोन्ही काखेत कुबड्या, त्यामुळे प्रश्न तसा वायाच गेला.

"मस्त," बटण म्हणाली. वय बारा, उंची नऊच्या मुलीची. बॅलेच्या वर्गात तिला खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

तिची आई दारातूनच म्हणाली, "पावलाचं हाड चिरलंय. डॉक्टर विचारत होते, इतक्या लवकर हिला बोटांच्या टोकावर उभं कुणी केलं? मी म्हटलं, अहो, बाईंनी रीतसर परीक्षा घेतली होती. वीस म्हणजे वीस. त्यांच्याकडे वशिला चालत नाही." तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत जिन्याकडे गेली.

वीस म्हणजे वीस, हा नियम बाईंचाच. एका पायावर उभं राहायचं, कशाला धरायचं नाही, टाच वीस वेळा पूर्ण उचलायची आणि सावकाश टेकवायची. घोटा डगमगला की संपलं. दोन्ही पायांचे वीस भरले, तरच टोकावर उभं राहायचे ते कडक बूट. नाहीतर सहा महिने थांबा. या नियमापायी बाईंनी बऱ्याच आया दुखावल्या होत्या, आणि त्याचा त्यांना बराच अभिमान होता.

बटण बाकावर बसली. कुबड्या घसरणार नाहीत अशा बेतानं भिंतीला टेकवल्या.

"बाई, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग."

"परीक्षेत डाव्या पायाला तुम्ही मोजायला चुकलात. अकरानंतर एकदम पंधरा म्हणालात."

बाई हातातल्या फडक्याची घडी घालू लागल्या.

"माझे सतराच झाले होते. मला कळलं होतं, पण मी गप्प बसले." बटणचा आवाज खाली आला. "मला बूट हवे होते ना. म्हणजे चूक माझीच आहे. आईला अजून सांगितलं नाहीये."

बाईंना ते अकरा चांगलं आठवत होतं. घोटा आत वळायला लागला होता. कार्यक्रमपत्रिका छापून आली होती, तिच्यात टोकावरच्या नाचाचं नाव 'आठ कळ्या' असं लिहिलेलं होतं, आणि कळ्या सातच भरत होत्या. बारा, तेरा, चौदा. एका दमात गिळता येतात. कार्यक्रमात आठव्या कळीला टाळ्याही सगळ्यांत जास्त पडल्या होत्या.

"परत कधी उभं राहायचं म्हणाले डॉक्टर?"

"चालता येईल, पळताही येईल. टोकावर उभं राहायचं ते दोन वर्षांनी बघू म्हणाले." बटणनं प्लास्टरची कड नखानं खरवडली. "मी सायकल मागितली की आई 'बघू' म्हणते ना, तसं म्हणाले."

बाईंनी तोंड उघडलं. सांगायचं होतं ते एकच वाक्य होतं, तेही लहानसं.

"बटण, मी ना..."

"असू दे हो बाई," बटण मोठ्या माणसाच्या थाटात म्हणाली. "मोजताना चुकतं कुणाचंही. शाळेत तुमचं गणित कच्चं होतं का?"

बाहेर आईचं फोनवरचं बोलणं संपत आलं होतं.

"हो," बाई म्हणाल्या. "कच्चंच होतं."

"वाटलंच मला!" बटणचा चेहरा उजळला. इतके दिवस छातीवर ठेवलेलं काहीतरी उतरल्यासारखी ती बाकावर पुढे सरकली. "मग असं करू. मला तसंही आता नुसतं बसायचंच आहे. इथून पुढे परीक्षेला मी मोजत जाईन. तुम्ही फक्त पायांकडे बघा."