जपान मुक्कामी

दोकसू मोटरसायकलवरून जपान फिरायला निघाला, तर क्लबच्या दोस्तांनी कोरियातून जपान-रशियाच्या बोटी सुटतात त्या तोंगहे बंदरावर त्याच्या नावाचा भलामोठा फलक धरून फोटो काढले. ते पांगल्यावर कस्टमवाल्या बाई म्हणाल्या, "अहो दादा, कागदावर तुमच्या जुन्या गाडीचा चॅसी नंबर टाकलाय. ही गाडी काही बोटीवर चढत नाही."

आता कुठल्या तोंडाने घरी जायचं?

बंदरामागच्या लॉजवर जाऊन तो म्हाताऱ्या मालकिणीपाशी खालमानेने पुटपुटला, "आजी, दोन आठवडे खोली मिळेल? गाडी मात्र आत लपवावी लागेल. आणि मी इथे आहे, हे कुणाला सांगू नका."

आजीबाईंनी शांतपणे किल्ल्यांचा जुडगा काढला.



"जपानला गेलेले वरच्या मजल्यावर राहतात, रशियाला गेलेले खाली. तू कुठे गेलायस, बाळा?"