दोन सेल

दुकानात शिरताच झूरा म्हणाली, "पेन्सिल सेल. असतील तेवढे सगळे दाखव."

दुकानदार टोक्तोसुनने तीन खोकी काउंटरवर मांडली. गावातली ही एकुलती एक नर्स कधी घाई करत नसे. आज तिला धाप लागली होती.

चार घरं पलीकडे आयपेरी पोटावर हात ठेवून पडली होती. आठवा महिना. सकाळपासून बाळ हललं नव्हतं. ठोके ऐकायचं यंत्र झूराने पोटावर टेकवलं, ते जरा खरखरलं आणि बंद पडलं. खिंड बर्फाने बुजलेली. खिंडीपलीकडच्या नारीन शहरातल्या डॉक्टरांनी फोनवर एकच विचारलं होतं, "ठोके लागतायत का?"

पहिल्या खोक्यातला सेल तिने तळहातावर तोलला. "हलका आहे. या थंडीत तासभर टिकायचा नाही."

दुसऱ्यातला उजेडात धरला. "तारीख उलटलीय."

"ताई, सेल आहे तो. दही आहे का आंबायला?"

तिसऱ्यातला तिने वीतभर उंचीवरून उभा सोडला. तो टणकन उडाला आणि आडवा झाला.

"हा वापरलेला आहे, टोक्तोसुन."

त्याचे कान लाल झाले. "परत आलेले मिसळले असतील त्यात... कुणासाठी हवेत?"

"आयपेरीसाठी."

गल्ल्यामागे वाकून त्याने दोन सेलांचं न फोडलेलं पाकीट काढलं. "मेंढवाड्यातल्या टॉर्चसाठी ठेवले होते. जा तू."

झूराने त्यातला एक तसाच उभा सोडून पाहिला. थप्प करून तो पडला तिथेच उभा राहिला. गारठ्याने मरू नयेत म्हणून दोन्ही सेल झग्याच्या आत, अंगाशी धरून ती निघाली.

आयपेरीची सासू बुरुलकान सुनेचे पाय चोळत बसली होती. सेल बसले, हिरवा दिवा लागला. खरखर सुरू झाली. डावीकडे. उजवीकडे. बेंबीखाली. नुसती खरखर.

"हेही सेल खराब असतील गं," बुरुलकान म्हणाली.

"नाही, आई," झूरा हळूच म्हणाली. "सेल चांगले आहेत."

बुरुलकानचे हात थांबले. आयपेरीने डोळे मिटून घेतले. झूराने तिला कुशीवर वळवलं आणि यंत्र बरगडीजवळ दाबलं.

खरखरीच्या पार तळातून काहीतरी बारीक, घाईघाईने धावत आलं. टपटप, टपटप, टपटप.

झूराने मनगटावरच्या घड्याळात बघत पुरा मिनिटभर ठोके मोजले, डॉक्टरांना कळवले, त्यांचं "बरं आहे" ऐकलं आणि यंत्राच्या बटणाकडे हात नेला. आयपेरीने तिचं मनगट धरलं.

"राहू दे चालू."

"सेल संपतील, पोरी."

"संपू देत."